अठन्नी कधी वर, कधी खाली

गेल्या पावसाळ्यात इंदूरच्या सियागंजातल्या एका घाऊक किराणा पेढीवर माझ्यापुढे दोन बिले ठेवण्यात आली. पेढीच्या आतल्या खोलीत हळदीची आणि सुक्या मिरचीची पोती छतापर्यंत रचलेली होती, पंख्याच्या वाऱ्याबरोबर मिरचीचा खकाणा थेट नाकात जात होता, आणि मुनीमजी मात्र त्याच हवेत निवांत बसून दोन्ही कागदांवर निळ्या पेनाने गोल काढत होते. पहिल्या बिलाची बेरीज १,२४८ रुपये ५० पैसे होती आणि खाली ‘राउंड ऑफ’ होऊन ती १,२४८ झाली होती. दुसऱ्याची बेरीज १,२४९ रुपये ५० पैसे होती आणि ती १,२५० झाली होती. “एक में अठन्नी नीचे, एक में ऊपर,” मुनीमजी म्हणाले, “हम किस नियम से चलें?” आवाजात तक्रार नव्हती. चाळीस वर्षे खतावण्या लिहिलेल्या माणसाला रुपयाच्या फरकाचे दुःख नसते, पण नियम कळत नाही याची चुटपूट फार असते, आणि ती चुटपूट त्यांच्याकडून माझ्याकडे आली ती बरेच दिवस गेली नाही.

पेढीच्या बिलांचा प्रोग्रॅम देखभालीसाठी नुकताच आमच्याकडे आला होता. मुळात तो पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत लिहिलेला होता आणि मधल्या काळात कुणीतरी तो तिसऱ्या आवृत्तीवर आणून ठेवला होता. मुनीमजींनी कपाटातून त्याआधीच्या वर्षांचे गठ्ठे काढले तेव्हा दिसले की तिथे अठन्नी प्रत्येक वेळी वरच गेलेली आहे. त्यांना तेच अपेक्षित होते, आणि कायद्यालाही तेच अपेक्षित आहे. जीएसटी कायद्याचे कलम १७० कराच्या रकमेबद्दल अगदी सरळ सांगते की रुपयाचा उरलेला भाग ५० पैसे किंवा अधिक असेल तर पूर्ण रुपया धरावा आणि कमी असेल तर तो सोडून द्यावा. बिलाच्या एकूण रकमेलाही बाजार हाच नियम लावतो. मी प्रोग्रॅमची जुनी प्रत आणि नवी प्रत शेजारी शेजारी उघडून ‘राउंड’ची ओळ शोधली.

त्या ओळीत एक अक्षरही बदललेले नव्हते.

संध्याकाळी रामबागेत घरी हा विषय निघाला, कारण माझी भाची शिक्षण संपवून यंदा आमच्याकडेच कामाला लागली आहे आणि तिच्यासमोर असा विषय काढल्यावर तो जेवणाच्या ताटापर्यंत पुरतो. तिने लॅपटॉप उघडून २.५ चे राउंड मागितले, उत्तर २ आले. ३.५ चे मागितले, ४ आले. ती हसली आणि म्हणाली, “मामा, इतका जुना बग कुणी काढला कसा नाही?” तिची समजूत स्वाभाविक होती. भाषेत काही विचित्र दिसले की ते पूर्वजांच्या हलगर्जीपणातून आले असणार आणि कुणी तरी धाडस करून ते एकदा झाडून काढायला हवे, असे आपण धरून चालतो. इथे उलटे होते. दुसऱ्या आवृत्तीत २.५ चे ३ च होत असत. डिसेंबर २००८ मध्ये पायथॉनची तिसरी आवृत्ती आली तेव्हा विचारपूर्वक हे वागणे बदलले गेले, आणि बदलांच्या जाहीर यादीत तसे नोंदवलेही गेले, की बरोबर अर्ध्यावर असलेली संख्या यापुढे जवळच्या सम संख्येकडे जाईल. म्हणजे आम्ही जिला जुनी घाण समजत होतो ती खरे तर सफाई होती.

या सफाईमागचे कारण कागदावर चार ओळींत पटते. ०.५, १.५, २.५ आणि ३.५ या चार रकमांची खरी बेरीज ८ आहे. प्रत्येक अर्धा वर ढकलला तर १, २, ३, ४ होतात आणि बेरीज १० भरते. सम संख्येकडे नेला तर ०, २, २, ४ होतात आणि बेरीज पुन्हा ८ येते. लाखो आकडे गोळा करणाऱ्या शास्त्रज्ञाला किंवा संख्याशास्त्रज्ञाला हा दुसरा मार्गच प्रामाणिक वाटतो, कारण पहिल्यात प्रत्येक पायरीवर थोडे थोडे वरचे साचत जाते. संगणकातल्या अपूर्णांकी गणिताचा १९८५ चा मानक नियमही मूलतः हाच मार्ग धरतो. बाबा बँकेतून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी चारही बेरजा तोंडाने करून पाहिल्या, मान डोलावली, आणि मग म्हणाले की हे सगळे बरोबर आहे, पण गिऱ्हाईक एका वेळी एकच बिल भरते, चार बिलांची सरासरी भरत नाही.

बाबांना यावरून १९५७ सालचा एप्रिल आठवला. तेव्हा ते अकरा वर्षांचे होते आणि आजोबा कापड मार्केटातल्या एका पेढीची खतावणी लिहीत. तोवर रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होते. १ एप्रिलपासून रुपयाचे शंभर भाग झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा, दोन आणे म्हणजे साडेबारा, आणि अर्ध्याचे नाणे तर टांकसाळीने पाडलेलेच नव्हते, त्यामुळे दोन आण्यांच्या प्रत्येक व्यवहारात कुणीतरी अर्धा सोडायचा की कुणीतरी अर्धा जास्त द्यायचा, हा वाद काउंटरवर रोज व्हायचा. पण बाबांचा मुद्दा तो नव्हता. त्यांचे म्हणणे होते की सरकारने त्या नाण्याला नुसते पैसा म्हटले नाही, त्यावर ‘नया पैसा’ असे छापले, आणि जुनी नाणीही काही काळ बरोबरीने चालू ठेवली. लोकांना सवय झाल्यावर १९६४ मध्ये ‘नया’ हे विशेषण उतरवले. आजोबांनी त्या दिवशी चालू वही बंद केली आणि नव्या पैशांसाठी नवी वही घातली. जुन्या वहीत एकही आकडा खोडला नाही. “चालू वहीत नियम बदलायचा नाही,” बाबा म्हणाले, “बदलायचा तर नवी वही घाला, आणि वहीवर तसे लिहा.”

पायथॉनच्या मंडळींना हे माहीत नव्हते असे मुळीच नाही. भागाकाराच्या बाबतीत त्यांनी जवळपास असेच केले होते. जुन्या पायथॉनमध्ये ७ ला २ ने भागले की ३ येत, कारण दोन्ही पूर्णांक असले की उत्तरही पूर्णांकच द्यायचे ही सी भाषेकडून आलेली पद्धत होती. शाळेतले गणित शिकून थेट या भाषेकडे आलेल्या माणसाला ती खड्ड्यासारखी लागे. २००१ मध्ये मोशे झाडका आणि भाषेचे जनक गिडो व्हॅन रोसम यांनी प्रस्ताव मांडला की पूर्णांकी भागाकारासाठी दोन तिरप्या रेघांचे नवे चिन्ह द्यावे आणि एका रेघेच्या चिन्हाला कालांतराने खरा भागाकार करू द्यावे. त्याच वर्षाच्या अखेरच्या आवृत्तीत नवे चिन्ह आले. ज्याला नवे वागणे आधीच हवे असेल त्याने फाइलीच्या डोक्यावर ‘फ्यूचर’मधून भागाकार आयात करतो अशी एक ओळ लिहायची सोय झाली. जुने वागणे मात्र आणखी सात वर्षे तसेच चालू राहिले. मला आजही ही व्यवस्था फार सुसंस्कृत वाटते. वाचणाऱ्याला फाइलीच्या पहिल्या ओळीतच कळते की इथे कोणत्या काळाचे गणित चालू आहे.

तरीही २००८ च्या त्या मोठ्या बदलाने लोकांना इतकी वर्षे छळले. जुन्या आवृत्तीचा आधार २०१५ मध्ये संपवण्याचे ठरले होते, ते २०१४ मध्ये पुढे ढकलून २०२० करावे लागले, आणि १ जानेवारी २०२० ला तो खरोखर संपला तेव्हाही कित्येक कार्यालयांत जुनेच पायथॉन धडधडत होते. त्या काळात सर्वांत जास्त आरडाओरडा ‘प्रिंट’वरून झाला, कारण प्रिंटपुढे आता कंस घालणे सक्तीचे झाले होते आणि कंस नसलेली प्रत्येक ओळ प्रोग्रॅमला सुरू होण्यापूर्वीच अडवत होती. मीही तेव्हा त्या कंसांना शिव्या दिल्या आहेत. आज विचार करताना वाटते की त्यातला सर्वांत निरुपद्रवी बदल तोच होता. त्याने दारातच अडवले, कुठे अडले ते ओळ क्रमांकासह सांगितले, आणि जुन्याचे नवे करून देणारे साधन त्याची दुरुस्ती आपोआपही करून देत असे. त्या साधनाने भागाकाराला हात लावला नाही आणि राउंडलाही लावला नाही, कारण ओळ तशीच राहून अर्थ बदलला असेल तर लिहिणाऱ्याच्या मनात काय होते हे साधनाला कुठून कळणार? भागाकार निदान पुष्कळांच्या लक्षात तरी होता, त्यावर वर्षानुवर्षे बोलले गेले होते. राउंडचा बदल यादीत होता, पण यादीतल्या मोठ्या गोष्टींच्या सावलीत होता. अशा प्रोग्रॅममध्ये तो फक्त ५० पैशांवर बरोबर थांबणाऱ्या बेरजांतच प्रकट होतो, बाकी सगळा दिवस उत्तरे जुळत राहतात, आणि सियागंजात तो प्रकट होण्यासाठी मुनीमजींसारखे डोळे लागले.

मग बदलूच नये, असे म्हणावे का? मला तेही म्हणवत नाही, आणि याबाबतीत माझे मन आजही एका जागी ठरत नाही. प्रोग्रॅमचे सुटे भाग जुळवून देणारे ‘मेक’ नावाचे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये लिहिले, आणि त्यात आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू झाली पाहिजे, स्पेस चालणार नाहीत, असा नियम घाईत पडून गेला. नियम वाईट आहे हे त्यांना काही आठवड्यांतच उमगले होते. पण तोवर साधारण डझनभर लोक ते वापरू लागले होते, त्यातले बहुतेक मित्रच होते, आणि त्यांचे चालू काम बिघडवणे फेल्डमन यांना नको वाटले. डझनभर मित्रांच्या त्या भिडेपायी पुढच्या जवळपास पन्नास वर्षांत किती लोकांना दिसायला अगदी सारख्याच दोन ओळींकडे तासन्‌तास बघत बसावे लागले असेल! त्या वेळी बदलण्याची किंमत एका दुपारची होती. भाचीला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती टाळी देऊनच म्हणाली, “बघ, मी काय म्हणत होते?”

वेबपाने जिच्यावर चालतात त्या जावास्क्रिप्ट भाषेच्या मंडळींनी तर न बदलणे हेच ब्रीद करून टाकले आहे. त्या भाषेत ‘नल’ला, म्हणजे ‘इथे काहीच नाही’ या किमतीला, तिचा प्रकार विचारला की ती स्वतःला ‘ऑब्जेक्ट’, म्हणजे वस्तू, म्हणवते. ही १९९५ मधली चूक आहे हे सगळे मान्य करतात, ती सुधारण्याचा प्रस्तावही येऊन गेला आणि नाकारला गेला, कारण त्या चुकीवर उभी असलेली पाने जगभर पसरलेली आहेत आणि त्यांतली कित्येक लिहिणारे लोक आता त्यांच्याकडे फिरकतही नाहीत. २०१८ मध्ये याहून गमतीदार पेच आला. यादीतल्या याद्या सपाट करणारी नवी सोय ‘फ्लॅटन’ या नावाने भाषेत घालायची होती, पण मूटूल्स नावाच्या जुन्या लायब्ररीने याच नावाची आपली सोय कधीच बसवून ठेवली होती, आणि नवे नाव ब्राउझरमध्ये येताच ती लायब्ररी वापरणारी पाने मोडू लागली. शेवटी भाषेने माघार घेऊन सोयीचे नाव ‘फ्लॅट’ केले. आपल्या घरी पाहुण्याने खुर्ची धरली म्हणून यजमानाने जमिनीवर बसावे तसे हे आहे, असे म्हणणारे त्या वेळी पुष्कळ होते. मला मात्र त्या निर्णयात एक प्रकारची माणुसकी दिसते. ज्यांचे पान मोडणार होते ते लोक त्या चर्चेत नव्हतेच, आणि त्यांच्या वतीने कुणीतरी बोलले.

हिशेबाच्या जगात हा हट्ट आणखी जुना आहे. लोटस १-२-३ या स्प्रेडशीटने १९०० हे लीप वर्ष मानले होते, जे ते नव्हते, आणि एक्सेलने लोटसच्या फाइली जशाच्या तशा उघडता याव्यात म्हणून तीच चूक आपल्या कॅलेंडरात मुद्दाम ठेवली. त्यामुळे अस्तित्वात नसलेली २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख एक्सेलमध्ये आजही ६० व्या क्रमांकावर बसलेली आहे. त्याच एक्सेलच्या खान्यात २.५ चे राउंड घेतले तर ३ येते आणि त्याच्याच मॅक्रोमध्ये, म्हणजे आत लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, घेतले तर २ येते. एका छताखाली दोन नियम नांदतात आणि कुणीही कुणाला हलवत नाही, कारण दोघांवरही लोकांची गणिते रचली गेली आहेत. हे बाबांना दाखवले तेव्हा त्यांना नवल वाटले नाही. बँकेत अशा गोष्टी ते रोज पाहत, असे ते म्हणाले, आणि तपशील विचारल्यावर हसून विषय बदलला.

या सगळ्यांत मला मनापासून पटलेला मार्ग गो भाषेचा आहे. तिच्या लूपमध्ये, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या भागात, किंमत ठेवायचे एकच व्हेरिएबल सर्व फेऱ्यांत वापरले जाई, आणि त्याचा पत्ता कुणी साठवून ठेवला की सगळे पत्ते शेवटच्या किमतीकडेच बोट दाखवत. चांगले अनुभवी लोकही इथे पडत. संकेतस्थळांना मोफत सुरक्षा प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टच्या प्रणालीत याच कारणाने असे होई की अनेक डोमेन तपासायला सांगितली तर ती एकच डोमेन तितक्या वेळा तपासे. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस ते उघड झाले तेव्हा ३० लाखांहून अधिक प्रमाणपत्रे त्यात सापडली. पण गोने २०१२ मध्ये वचन दिलेले होते की पहिल्या आवृत्तीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम पुढेही तसाच चालेल. मग त्यांनी काय केले, तर फेब्रुवारी २०२४ च्या १.२२ आवृत्तीत प्रत्येक फेरीला स्वतंत्र व्हेरिएबल दिले, मात्र ज्या प्रकल्पाने आपल्या फाइलीत ‘मी १.२२ किंवा त्यापुढचा’ असे स्वतः लिहिले आहे त्यालाच. ज्याने लिहिले नाही त्याचे जुने वागणे जुनेच राहिले. त्याआधीच्या आवृत्तीत हवे त्याने करून पाहावे म्हणून ते प्रयोगादाखल ठेवलेही होते, आणि तेव्हा काही ठिकाणी वर्षानुवर्षे हिरव्या, म्हणजे उत्तीर्ण, दिसणाऱ्या चाचण्या एकदम लाल झाल्या. शोध घेतल्यावर निघाले की त्या चाचण्या इतके दिवस यादीतले फक्त शेवटचे उदाहरण तपासत होत्या. बाबांना मी हे समजावून सांगितले, तर ते म्हणाले, “नवी वही.”

भाचीला मात्र माझा हा निष्कर्ष सोयीस्कर वाटतो. तिचे म्हणणे असे की राउंडचा बदल ओरडून सांगितला गेला असता, समजा प्रत्येक ओळीवर इशारा आला असता, तर तो प्रोग्रॅम बदलणाऱ्या माणसाने इशारे बंद करणारी एक ओळ शोधून चिकटवली असती आणि संध्याकाळी घरी गेला असता. तिचा दुसरा आक्षेप अधिक बोचरा होता. पैशाचे गणित मुळात त्या राउंडवर सोपवायलाच नको होते. २.६७५ ला दोन दशांशांपर्यंत राउंड केले तर पायथॉन २.६७ देते, जुन्याची अखेरची आवृत्तीही आणि नवेही, कारण ती संख्या संगणकाच्या ० आणि १ च्या द्विमान पद्धतीत नेमकी साठवताच येत नाही आणि साठवलेली किंमत किंचित कमी असते. म्हणजे जुने वागणेही विश्वासाच्या लायकीचे नव्हतेच, तर मग त्याचा एवढा उमाळा कशाला? तिचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या खरे आहे. पण पेढीची बेरीज नेमकी अठन्नीवर थांबत होती, अठन्नी द्विमानात नेमकी साठते, आणि म्हणून तिथे जुने राउंड वर्षानुवर्षे कायद्याप्रमाणेच चालले होते. मुनीमजींनी प्रोग्रॅमची एक ओळही लिहिली नव्हती. बदलांची यादी त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा काही मार्गही नव्हता. भाषेवर वाद घालणाऱ्यांत भाषा लिहिणारे असतात आणि ती वापरणारे असतात. वापरणाऱ्यांनी केलेली वस्तू जे वापरतात त्यांची खुर्ची मी तरी कुठे पाहिलेली नाही.

दुरुस्तीला अर्धा दिवसही लागला नाही. पायथॉनच्या डेसिमल विभागात अर्धा वर न्यायचा की सम संख्येकडे, हे स्पष्ट शब्दांत सांगता येते. तिथे ‘राउंड हाफ अप’ लिहिले आणि शेजारी टिपेत कलम १७० लिहून ठेवले. पेच त्यानंतर आला. हा प्रोग्रॅम अंतिम रक्कम साठवत नव्हता, बिल पुन्हा छापताना ती नव्याने काढत होता. म्हणजे मधल्या काळात ज्या गिऱ्हाइकाने १,२४८ भरले होते त्याचे बिल आज पुन्हा छापले असते तर त्यावर १,२४९ आले असते, आणि त्याच्याकडच्या प्रतीशी ते जुळले नसते. भाचीचे मत पडले की चुकीचा नियम प्रोग्रॅममधून मुळासकट जावा आणि त्या काळातली बिले हाताने तपासून रक्कम साठवून टाकावी. बिले हजारांच्या घरात होती. आमचा वाद तीन दिवस चालला, आवाजही थोडे चढले, आणि शेवटी मी त्या काळाच्या पहिल्या आणि शेवटच्या तारखेची अट घालून जुना चुकीचा नियम तेवढ्यापुरता तसाच ठेवला, शिवाय नव्या प्रत्येक बिलाची अंतिम रक्कम साठवायला सुरुवात केली. भाचीने माझा बदल मंजूर केला, पण त्या अटीच्या वर स्वतःच्या नावाने एक टीप टाकली, की ही अट तात्पुरती असून पुढील आर्थिक वर्षात काढण्यात यावी. बाबांनी ती टीप वाचून विचारले की काढणार कोण. त्याचे उत्तर आम्हा दोघांकडेही अजून नाही, आणि मी तिला सांगून ठेवले आहे की एप्रिल आला की हा वाद आपण पुन्हा घालणार आहोत.